पुतळ्याखालची खुर्ची

पनवेलजवळच्या बंद पडलेल्या दगडखाणीत आता शिल्पं उभी आहेत आणि फाटकावर राखणीला हे काका. पूर्वी याच खाणीत ते सुरुंगासाठी भोकं पाडायचे. 'शिल्पांना हात लावू नये' ही पाटी ते येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात आणि स्वतः मात्र किल्लीने एकेक शिल्प वाजवत फिरतात. कोरीवकामाकडे ढुंकूनही बघत नाहीत. दगडी घोडा त्यांनी पास केलाय, कारण तो "खणखणीत वाजतो." तो कुणी घडवला, विचारलं तर म्हणाले, "त्ये माहीत नाय. दगड आपल्या खाणीतला हाय."

मूल कडेवर घेतलेल्या उंच दगडी बाईवर मात्र त्यांची खप्पामर्जी. "बद्द वाजतंय. आत चीर हाय." त्यांनी ऑफिसातल्या साहेबांनाही सांगितलं. साहेब हसले. मीही हसलो.

हल्ली काकांची प्लास्टिकची खुर्ची नेमकी त्या बाईच्या पायाशी असते, जिथे सगळ्यांना फोटो काढायचा असतो. परवा मी चिडवलं, "काका, नापास केलंत आणि सावली हिचीच लागते?"

"सावली कसली, सायेब," खुर्चीतून न हलता ते म्हणाले. "मी हितं बसलो म्हंजे दुसरं कोन हितं उभं राहत नाय."