मालकानं समोर बसाचं

आर्णीत आमच्या गल्लीत कोणाची चावी हरवली, की लोक समोरच्या रहमतभाईच्या ओट्यावर जाते. पण बाप्पा, साधं कुलूप घेऊन गेलं की थो नाक मुरडते.

जलमभर गाड्या दुरुस्त केल्या त्यानं. गुडघे गेले तसं गॅरेज बंद केलं. बायको आयशाबी वारली. पोरगी माहनूर सासरी, हैदराबादले. मंग हा माणूस मोबाईलवर बिनचावीनं कुलपं उघडाचे व्हिडिओ पाहाले लागला. जीपच्या वायपरची पोलादी पट्टी घासून बारीक हत्यारं बनवली. चोरीसाठी नाही, निव्वळ शौक.

सुरुवातीले आठवडी बाजारातलं टिनपाट कुलूप. ते खटकन उघडे. मंग पितळेचं, आतमधी जास्त पिना असलेलं. मंग असलं, ज्याच्यातल्या पिना डमरूवानी मधात बारीक राह्यते. उघडलं उघडलं वाटते अन् तिथंच अडकून बसते. असं कुलूप कोणी आणलं, की त्याचं तोंड फुलून जाय.

एक कायदा त्यानं पहिल्यापासून ठेवला. कुलूप कोणाचंबी असो, मालकानं समोर बसाचं. उद्या कोणी चोर म्हणाले नको. तेवढा कायदा मलेबी पटे.

भीमराज गुरुजी असंच एक डमरूवालं कुलूप घेऊन गेलते. चहा झाला, परत चहा झाला, पोरीच्या लग्नापासून सोयाबीनपर्यंत सगळं बोलून झालं. मी इकडं ओट्यावर शिलाई मशीन मारून राह्यली होती, दोघायचं हसणं मले ऐकू ये. चंदाबाई पेटीचं कुलूप घेऊन गेली, तर थे बसाच्या आधीच ते उघडलं. थे उठली अन् गेली. चहा चुलीवरच राह्यला.

त्याच्यानंतर यानं नवीनच धरलं. साधं नको, अवघड आना. किराणावाल्याचं कुलूप परत धाडलं. मले असा राग आला! लोकायची अडचण अन् याचे नखरे. म्हातारपणी बुद्धी फिरली, असं मी गल्लीभर सांगत फिरली.

मंग माझ्यावरच पाळी आली. ढाणकीले बहिणीच्या पोरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. घराची चावी मी पदराच्या गाठीत बांधते, माझी मायबी तशीच बांधे. कार्यक्रमासाठी नवी साडी नेसली, जुनी तिथंच धुवाले पडली अन् मी आर्णीले परत. दारासमोर पदर चाचपला, तर गाठच नाही. शिवाले आलेल्या लग्नाच्या ब्लाऊजचा गठ्ठा आत अन् मी बाहेर.

रहमतभाईले हाक मारली. माझं कुलूप पाहून थो म्हणेल, हे नको, अवघड आन, असंच मले वाटलं. पण थो लगेच उठला. हत्यारं घेऊन आला, माझ्या पायरीवर बसला. मी समोर बसली.

त्यानं संघदीपचं विचारलं. माझं पोरगं, पुण्याले कंपनीत आहे. म्हटलं, बरा आहे. फोन येते काय? येते, कधी कधी. माहनूरचा येते काय, मी विचारलं. येते म्हणाला, पण तिकडं गडबड राह्यते, लवकर ठेवते. मंग ढाणकीत जेवाले काय होतं, नवरदेव पोरगा कसा आहे, सगळं विचारलं. हात चालूच. मी मनात म्हणत होती, असली कुलपं तर हा डोळे मिटून उघडते, आजच काहून एवढा वेळ?

तेवढ्यात कुलपाची कडी टचकन वर आली. मी डोळ्यानं पाह्यलं, हातच्या कांकणाले आरसा कायले? अन् त्यानं अंगठ्यानं ती परत दाबून बंद केली.

"लय अवघड हाय, नलूबाई," थो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उघडलं होतं ते. मी पाह्यलं."

थो कुलपाकडंच पाहत राह्यला. म्हणाला, "उघडलं की तू आत जाशील."

माझ्या तोंडात आलेली शिवी तोंडातच राह्यली. अवघड कुलूप त्याले कायले पाह्यजे होतं, ते मले तवा समजलं. मले त्याचं लय वाईट वाटलं, अन् माझंबी. दोन घरायच्या मधात एक गल्ली, अन् इतकी वर्षं आम्ही आपापल्या ओट्यावर. आत गेली असती तरी मले कोण विचारणार होतं? आत मशीन होतं अन् ब्लाऊज.

मी पाय पसरून भिंतीले टेकली. म्हटलं, "चालू द्या तुमचं. मले घाई नाही."

त्यानं हत्यार परत कुलपात घातलं. पण आता हत्यार खरंच निसटून जाय, अन् ते साधं कुलूप त्याच्यानं काही केल्या उघडेना.