शांततेला शून्य गुण

आमच्या बारात लॅपटॉप चालत नाही. म्हणजे दुपारनंतर चालतो, पण सकाळी एस्मोर्सारच्या वेळी नाही. आणि दुपारनंतर कोणी येत नाही, कारण तोवर सकाळच्या गर्दीने माझं डोकं फिरलेलं असतं आणि मी कोणावरही तोंड सोडते, हे अख्ख्या काबान्याल वस्तीला ठाऊक आहे.

नाश्ता घरून झालेला असतो, जेवणाला अवकाश असतो, आणि मधल्या वेळात वलेन्सियाचा माणूस भुकेने मरेल की काय अशी आम्हाला धास्ती. म्हणून एस्मोर्सार. हातभर लांब पाव, त्यात बटाट्याचं ऑम्लेट नाहीतर सॉसेज, बाजूला ऑलिव्ह, टरफलांसकट शेंगदाणे, सोडा घातलेली वाईन, आणि शेवटी रम पेटवून केलेली कॉफी, म्हणजे क्रेमाएत. एवढं सगळं मांडायला टेबल लागतं. तिथे कोणी लॅपटॉप पसरून एका कॉफीवर दुपार केली, तर मी पाव काय त्याच्या डोक्यावर ठेवू?

माझा नवरा चिमो मागे स्वयंपाकघरात असतो. त्याला दार दिसत नाही. दाराची घंटी वाजली की तो आतून ओरडतो, "कोण आलंय गं?" नेलो आला म्हटलं की ऑम्लेट टाकायचं, पोस्टमन आला म्हटलं की नाही टाकायचं. लग्न झाल्यापासून मी ह्या प्रश्नाची उत्तरं देतेय. बाकी संसारात आम्ही दोघं फारसं काही बोललोय असं मला आठवत नाही.

तर हा लॅपटॉपचा नियम मी मोडला तो एका रेमेईसाठी.

रेमेई माझी शाळेपासूनची मैत्रीण. फरशांच्या एका कंपनीत हिशेब, पत्रव्यवहार, सगळं तीच बघायची. कंपनी बुडाली, ऑफिसला टाळं लागलं. लग्न केलं नाही; आईला सांभाळण्यात वय गेलं. आई म्हणजे विसेंताबाई. कानाने बहिरी, पण आवाज असा की खालच्या मजल्यावरच्या पक्ष्यांनी पिंजऱ्यात दचकावं. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. आम्ही सगळे म्हणालो, सुटली बिचारी. कोण सुटली ते आम्ही बोललो नाही, पण आम्हाला दोघीही म्हणायच्या होत्या.

एक दिवस रेमेई आली ती चष्म्याची दोरी सावरत, फुललेल्या चेहऱ्याने.

"फिना, मला नोकरी लागली."

"कसली गं?"

"कॅफेत बसायची."

"मग माझ्या बारात इतकी वर्षं बसतेयस, ती काय उमेदवारी होती?"

नोकरी खरी होती. हॉलंडच्या कुठल्याशा कंपनीला आमच्या शहरातल्या कॅफेंची माहिती हवी होती. जगभरची ही मुलं घरून काम करतात ना, म्हणजे स्वतःच्या नाही, आमच्या घरांतून, भाड्याने घेऊन. तर त्यांनी लॅपटॉप घेऊन बसायचं कुठे? रेमेईने रोज एक-दोन कॅफेंत जायचं, प्लग किती आहेत, इंटरनेट कसं आहे, मालक उठवतो का, आवाज कसा आहे, हे बघायचं, प्रत्येक गोष्टीला पाचपैकी गुण द्यायचे आणि पाठवायचं. पहिले तीन महिने परीक्षेचे. काम आवडलं तर कायम.

"ह्या वयात मला दुसरं कोण ठेवणार, फिना?" ती म्हणाली. "ही गेली की मी घरात."

'घरात' हा शब्द तिने असा उच्चारला की जणू तुरुंगात. मी तेव्हा लक्ष दिलं नाही. माझ्या हातात चार प्लेटी होत्या.

त्या दिवसापासून ती सकाळी कॅफे बघून यायची, आमच्याकडे खिडकीजवळच्या छोट्या टेबलावर लॅपटॉप उघडायची आणि लिहीत बसायची. दाराची घंटी वाजे, चिमो ओरडे, "कोण आलंय गं?" आणि मी म्हणे, "रेमेई!" बाजूच्याच मोठ्या टेबलावर नेलोची टोळी. नेलो बंदरावर क्रेन चालवायचा. आयुष्यभर वरून खाली ओरडून बोलला, आता निवृत्त झाला तरी समोरच्याशी तसंच बोलतो. शेंगदाण्याची टरफलं रेमेईच्या कीबोर्डवर उडायची. ती फुंकर मारून पुढे लिहायची.

मधूनच आम्हाला ऐकवायची. "आज त्या बाजारामागच्या कॅफेत गेले होते. अरे देवा! वीसेक पोरं, सगळ्यांच्या कानांवर झाकणं. मी शिंकले तर सगळ्यांनी माना वर करून पाहिलं, पण कोणी साधं 'जेसूस' म्हटलं नाही!"

"मेली असतीस तरी बघत बसले असते," नेलो म्हणाला.

"मी चांगलं ठणकावून लिहिलंय. आवाज, शून्य."

"बरं केलंस!" सगळं टेबल म्हणालं.

आता ह्यात आमचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. मार्चमध्ये आम्ही भर दुपारी चौकात फटाक्यांची दारू उडवतो. उजेडात दिसत काही नाही, नुसता आवाज. पायाखालची जमीन हलते, पोटातलं आतडं हलतं, आणि घरी जाताना म्हातारी माणसं कुरकुरतात, यंदा मजा नाही आली, आवाज कमी होता. अशा गावच्या बाईला तुम्ही विचारलंत, आवाजाला पाचपैकी किती? ती काय उत्तर देणार? आवाज चांगला असला तर पाच. नसला तर शून्य.

आमच्या बाराला तिने पाच दिले.

मग सुरू झालं. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! ऐन एस्मोर्सारच्या वेळी दोन-दोन, तीन-तीन करत लॅपटॉपवाले येऊ लागले. पाय ठेवला की दारातच गोंधळून उभे. पहिला प्रश्न, "पासवर्ड काय?"

"पासवर्ड नाही. पाव आहे. ऑम्लेट घालून देऊ?"

आमच्याकडे इंटरनेट कधी नव्हतंच. कशाला हवंय? इथे ज्याला बातमी हवी असते तो नेलोला विचारतो.

एका पोराने तर कहर केला. आपल्या फोनवरून इंटरनेट घेऊन ऐटीत बसला, आणि नेलो बोलत असताना वळून म्हणाला, "श्श!"

अख्खा बार थिजला. नेलोला कोणी श्श केलेलं त्याच्या आईनेसुद्धा पाहिलं नसेल.

"फिना," नेलो गंभीरपणे म्हणाला, "ह्या पोराच्या दातांतून हवा जातेय. डॉक्टरला बोलव."

पोरगा गेला. पण जाऊन त्याने आणि त्याच्यासारख्यांनी कंपनीला लिहिलं की तुमची माहिती साफ खोटी आहे. शांत म्हणून सांगितलेला बार म्हणजे जत्रा, आणि इंटरनेटचा पत्ता नाही. कंपनीने रेमेईला कळवलं, तिकडच्या साहेब हिल्डेबाई स्वतः गुरुवारी येऊन बघतील, मग तुमचं काय ते ठरेल.

रेमेईचा चेहरा उतरला. "शांत? मी शांत कधी म्हटलं? मी पाच गुण दिलेत!" तरीही तिला उमजेना, आणि आम्हालाही. एवढंच कळलं की त्या बाईला आमचा बार शांत हवाय, आणि नसला तर आमच्या रेमेईची नोकरी जाणार.

"मग त्यात काय?" मी म्हणाले. "गुरुवारी शांत राहू. मरून तर नाही जाणार एका दिवसात."

रेमेईला सांगितलं नाही. तिला अभिनय जमत नाही. बाकी सगळ्यांना तंबी दिली. नेलोने शपथ घेतली. शेंगदाणे आदल्या रात्रीच सोलून ठेवले. कॉफीचं यंत्र फुसफुसतं म्हणून त्याला सुट्टी. चिमोला मी दटावलं, घंटी वाजली तरी तोंड उघडायचं नाही. "बरं," तो म्हणाला. वर पंखा घरघरत होता, त्याने किती ऐकलं देव जाणे.

गुरुवारी हिल्डेबाईंना घेऊन रेमेई आली. बाई उंच, साधी, हसरी. खांद्याला लॅपटॉप. घंटी वाजली. आतून कोणी ओरडलं नाही. नेलोच्या टेबलावर सगळे बापे चर्चमध्ये बसावं तसे बसून पाव चघळत होते, तोंड मिटून.

रेमेई दारातच थबकली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही," नेलो कुजबुजला. त्याची कुजबूजही रस्त्यावर ऐकू गेली असेल. "आम्ही असेच असतो."

हिल्डेबाई खूश. "छानच आहे की! लोकांनी उगाच तक्रारी केल्या." त्या खिडकीजवळ बसल्या, लॅपटॉप उघडला आणि माझ्याकडे बघून गोड हसल्या. "पासवर्ड सांगता का?"

मी कपाळावर हात मारला. सगळं झाकलं आणि हेच राहिलं!

"इंटरनेट नाही आमच्याकडे," मी म्हणाले. काय करणार?

"नाही? पण रेमेईबाई, तुम्ही तर म्हणाला होतात, मी रोज ह्याच बारात बसून काम करते. इंटरनेटला पाच गुण दिलेत. 'कधी अडचण आली नाही' असं लिहिलंय. मग तुम्ही मला काम पाठवत कुठून होता?"

मीही रेमेईकडे बघितलं. मला वाटायचं, फोनवरून पाठवत असेल. रेमेई चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत उभी होती.

"अडचण नाहीच आली," ती हळूच म्हणाली. "मला इथे इंटरनेट लागलंच नाही. घरी आहे ना. मी इथे लिहिते. मग घरी जाते, पाठवायचं बटण दाबते आणि परत बाहेर पडते. एक मिनिट लागतं."

"मग घरीच का नाही लिहीत?"

"एवढंच एक मिनिट मला घरात काढता येतं."

कोणी काही बोललं नाही. आता हे ठरवलेलं गप्प बसणं नव्हतं.

"रेडिओ लावायचास की," नेलो पुटपुटला.

"रेडिओ मला काही विचारत नाही रे. आई सारखी आतून ओरडायची, रेमेई, कोण आलंय? दार वाजलं तरी, नाही वाजलं तरी. मी वैतागायचे. कोणी नाही गं बाई, मीच आहे! आता मी दार उघडते, किल्ली ठेवते, आणि..." तिने आजूबाजूला पाहिलं. सगळे बापे पावाकडे बघत होते. "अरे, काय झालंय काय तुम्हाला? बोला ना रे कोणीतरी! जीव जातोय माझा!"

रोज येत होती ती माझ्या डोळ्यांसमोर, आणि मला वाटत होतं ती प्लगसाठी येते.

तेवढ्यात घंटी वाजली. पाववाला पोती घेऊन आत आला, आणि तंबी विसरून स्वयंपाकघरातून चिमोचा नेहमीचा दणदणीत आवाज आला.

"कोण आलंय गं?"

मी तोंड उघडायच्या आधी रेमेई ओरडली. अशी ओरडली की हिल्डेबाई खुर्चीतून उडाल्या. तंतोतंत विसेंताबाईंचा आवाज.

"पाववाला आलाय, चिमो!"

आणि मग ती रडायलाच लागली, हसत हसत. झालं! बार फुटला. नेलोने टेबलावर मूठ आपटून क्रेमाएत मागितली, कोणी शेंगदाण्यांच्या नावाने ओरडलं, पाववाला म्हणत होता, मी काय केलं, मी फक्त पाव आणलाय. मी कॉफीचं यंत्र सुरू केलं, आणि यंत्राच्या आवाजात नाक पुसून घेतलं.

हिल्डेबाई सगळं बघत होत्या. नेलोच्या आवाजाने त्या दरवेळी दचकत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी रेमेईला विचारलं, "एक सांगा. आवाजाला पाच, म्हणजे तुमच्या मते काय?"

"म्हणजे हे," रेमेई डोळे पुसत, हात पसरून म्हणाली. "उत्तम! भरपूर!"

"आणि शून्य?"

"शून्य म्हणजे शिंकलं तरी कोणी विचारत नाही."

बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. "म्हणजे सगळं बरोबर लिहिलंय तुम्ही. फक्त उलटं! मला नुसतं फिरवून घ्यायचंय. बाकीचे लोक तर एकाही जागी न जाता सगळीकडे 'छान, निवांत' लिहून मोकळे होतात." रेमेईची नोकरी राहिली. इंटरनेटच्या गुणांवरून मात्र बाईंनी तिला चांगलं झापलं, आणि ते बरोबरच होतं.

मग त्या लॅपटॉपकडे वळल्या. तेवढ्यात नेलोने स्वतःच्या हाताने त्याचं झाकण मिटलं आणि वर ऑम्लेटच्या पावाची प्लेट ठेवली. "मुली, आधी खा. काम कुठे पळून जात नाही." बाईंनी खाल्लं. शेवटी क्रेमाएतही घेतली. घरी त्याही एकट्याच काम करतात म्हणाल्या, मांजरीशी बोलत. मांजर उत्तर देते का, असं नेलोने विचारलं.

आता कंपनीच्या माहितीत आमच्या बारापुढे शांततेला शून्य लिहिलंय. तरी एखादा चुकार लॅपटॉपवाला येतोच, आणि पासवर्ड विचारतो. मी सांगते, इंटरनेट नाही.

ते खोटं आहे. मागच्याच आठवड्यात मी जोडून घेतलं. पासवर्ड फक्त एकीला माहीत आहे. दुपारी काम संपलं की खिडकीजवळ बसून ती इथूनच बटण दाबते, लॅपटॉप मिटते, आणि वळून म्हणते, "हं नेलो, काय म्हणत होतास?"

परवा ती निघाली आणि अर्ध्या वाटेतून छत्री विसरली म्हणून परत आली. घंटी वाजली. चिमो आतून ओरडला, "कोण आलंय गं?"

"कोणी नाही रे," ती ओरडली, "मीच आहे!"