शून्य विभवाची रेषा

दुपारी मी आईच्या खाटेच्या कठड्यावर डोकं टेकते, डोळे मिटायचे नाहीत असं स्वतःला बजावत. सकाळीच डॉक्टर सांगून गेलेत, आता धीर धरा. धीर धरायचा म्हणजे नक्की काय करायचं, हे त्यांनाही ठाऊक नसावं. सलाइनचे थेंब पडताहेत. मग ते थांबतात आणि फळ्यावर खडू वाजू लागतो.

अण्णा उभे आहेत. जाऊन किती वर्षं झाली, तरी सदऱ्याची इस्त्री मोडलेली नाही. जन्मभर त्यांनी कॉलेजात फिजिक्स शिकवलं, मलासुद्धा. फळ्यावर विद्युत द्विध्रुव आहे: एक धन प्रभार, शेजारी तेवढाच ऋण, आणि दोघांच्या बरोबर मधून गेलेली रेषा. बाकांच्या जागी खाटा आहेत. पहिल्या खाटेवर आई बसली आहे, वेणी घालून.

"उजू, या रेषेवर विभव, म्हणजे पोटेन्शियल, किती?"

"शून्य. एकाचा अधिक, दुसऱ्याचा तेवढाच उणे."

"मग या रेषेवरून प्रभार कितीही लांब नेला, तर कार्य किती?"

"शून्य."

"शाबास. हिला न्यायला आलोय. काडीचा त्रास व्हायचा नाही."

शाबासकीनं मी हुरळते आणि लगेच त्यांचा वर्ग आठवतो. 'शून्य' म्हणून गप्प बसणाऱ्या पोरांवर अण्णा हमखास डाफरायचे, "विभव शून्य म्हणजे क्षेत्र शून्य नव्हे, गाढवांनो! ओढ असतेच तिथे!" आज ते पुढे काहीच बोलत नाहीत.

"अण्णा, पण क्षेत्र?"

ते बोटांवरचा खडू झटकतात. रेषा फळ्यावरून जमिनीवर उतरली आहे. वर्ग नाही, नदीचं कोरडं पात्र आहे, आणि रेषेला शेवट दिसत नाही. आई तिच्यावर उभी आहे. तिनं माझं मनगट धरलं आहे.

"सोड तिला," अण्णा मला म्हणतात. "तू मध्ये आलीस की गणित बिघडतं."

"आई, जायचंय तुला?"

आई अण्णांकडे बघते. संसारभर तिच्या वतीनं तेच बोलत आले. मला भयंकर भीती वाटते, तरी अण्णांचं गणित कधी चुकलेलं नाही. मी हात सोडवून घेते.

जाग येते तेव्हा सिस्टर नळी काढताहेत.

"आत्ताच गेल्या हो, ताई. झोपेतच. काही त्रास नाही झाला."

मी मान डोलावते. चादर सारखी करायला हात पुढे करते, तर मनगट चुरचुरतं. त्यावर आईच्या नखांच्या खुणा आहेत, खोल, आणि एकीतून रक्त आलेलं आहे.