अडीच सुताचे चार बोल्ट: तलवाड्याहून केजपर्यंत आणि परत

"बोल्टासाठी कुणी केजला जातं का, आबा?" असं सूनबाई आता परत आल्यावर हसून विचारते. निघालो तेव्हा मात्र ती हसली नव्हती. मी चहा अर्धा ठेवून उठलो, एवढ्यानंच तिला सगळं कळलं असावं.

जीप माझी नाही. तलवाड्यातल्या बायकांनी मिळून काढलेल्या दूध संस्थेची आहे. मी तिचा ड्रायव्हर आणि बघून-बघून शिकलेला मिस्त्री. पावसानं पाठ फिरवली, कापूस जागेवर वाळला, तेव्हापासून गावात चार दिडक्या येतात त्या दुधाच्याच. ते दूध दोन्ही वेळा गेवराईला पोचवते ही म्हातारी जीप.

तिचा पाण्याचा पंप गेला. मी बाजारातला स्वस्त पंप आणला. बसला झकास, पण त्याची कड जुन्यापेक्षा जाड, त्यामुळे जुने बोल्ट तोकडे पडले. मग गेवराईत लांब बोल्ट मागितले, सवयीप्रमाणं पान्याच्या नंबरावर: "तेराचे चार द्या." पहिला बोल्ट बोटानं दोन फेरे गेला आणि अडला. मी पाना लावून जोर केला. इंजिनाच्या अंगातून 'कर्र' असा आवाज आला. बोल्ट काढून बघतो तर आट्यांत काळी पूड. ती बोल्टाची नव्हती, इंजिनाची होती.

संस्थेच्या अध्यक्ष सुमनबाई तेवढ्यात आल्या. मी म्हणालो, "बोल्ट मिळंनात, बीडला जाऊन येतो." त्या 'कर्र'बद्दल मात्र बोललो नाही.

"जावा," त्या म्हणाल्या. "पण भाड्याचा टेम्पो उद्या सकाळपर्यंतच हाय. मग तो छावणीच्या चाऱ्याला जाणार. उद्या सांजचं दूध जीपनंच गेलं पायजे, आबा."

जुना एक बोल्ट आणि नवा एक बोल्ट रुमालात बांधून खिशात ठेवला. तुम्हीही असल्या कामाला निघालात तर नमुना बरोबर न्या, नुसतं तोंडानं सांगू नका. तलवाडा ते गेवराई वडापची जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून तास हाताशी ठेवा. पुढे बीडला एसटी. मला अर्धं तिकीट लागतं. खिडकीजवळ बसलो, पण रस्त्याकडं लक्ष कुठलं? दर खड्ड्याला रुमाल चाचपत होतो. ब्लॉकचे, म्हणजे इंजिनाच्या अंगातले, आटे गेले असतील तर इंजिन उतरवावं लागेल. तोवर दूध कोण नेणार? दोन दिवस दूध गेलं नाही तर बायका गाई बाजारात नेतील. गेलेली गाय परत दावणीला येत नाही.

बीडमध्ये चार दुकानं पालथी घातली. तिसऱ्या दुकानदारानं जुना बोल्ट चिमटीत धरला आणि हसला.

"आबा, हा सुताचा हाय. आता सगळा माल मिलिमीटरचा येतो."

"पण पाना तर दोन्हीला तेराचाच बसतो की!"

"डोकं सारखं हो, आटे न्हाई ना सारखे."

आठ सुतांचा एक इंच, ही जुनी मोजणी. माझा बोल्ट अडीच सुताचा. नवा त्याच्या सख्ख्या भावासारखा दिसतो, दोन फेरे पाहुण्यासारखा आत जातो आणि मग घर मोडायला लागतो. चाळीस वर्षं पाने हातात धरले आणि हे मला बीडच्या काउंटरवर कळलं. चौथ्या दुकानात केजचा पत्ता मिळाला. तिथे गफूर मिस्त्री आहेत, साखर कारखान्यात फिटर होते. ऊस नाही म्हणून कारखान्याचं धुराडं यंदा थंड, आणि मिस्त्री घरासमोर पत्र्याच्या शेडमध्ये बसतात.

केजच्या गाडीत बसलो. पालीजवळ बिंदुसरेचं धरण दिसलं. मधे डबकं आणि भोवती भेगाळलेला गाळ, त्यात ट्रॅक्टर उतरून गाळ भरत होते. पुढे मांजरसुंब्याला गाडी थांबली. रबडी खाण्यासाठी इथं जरूर उतरा, भाकरी-पिठलंही चांगलं मिळतं. मी मात्र कढईत आटणारं दूध बघितलं आणि आमचे कॅन आठवले. काही घेतलं नाही. पाणी पिऊन परत गाडीत.

गफूर मिस्त्रींचं शेड तहसीलच्या मागच्या गल्लीत सापडलं. पांढरी दाढी, चष्म्याला दोरा. त्यांनी दोन्ही बोल्ट उन्हात धरले आणि नवा बोल्ट बोटावर घासला. बोट काळं झालं.

"आतल्या आट्यावर कुणीतरी जोर केलाय."

मी रुमालाची घडी घालू लागलो.

"कुणी केला?"

"मीच."

"कावून केला बे? बोटानं जात न्हाई त्याला पाना लावायचा?"

इतक्या वर्षांत मला कुणी असं झापलं नव्हतं. खरं सांगतो, बरं वाटलं. कुणाला तरी सांगून झालं होतं.

डब्यातून त्यांनी अडीच सुताचे तीन बोल्ट काढले. चौथा लांब निघाला. तो करवतीनं कापून कानशीनं तोंड घासत बसले. माझं लक्ष परतीच्या गाडीकडे, त्यांचं बोल्टाकडे.

"मिस्त्री, गाडी जाईल."

"जाऊ दे. गाडी दुसरी येती. ब्लॉक दुसरा येतो का?"

मग एक टॅप दिला. बोल्टासारखाच दिसतो, पण बिघडलेले आटे परत कोरून काढतो. "टॅपच्या खाचांत ग्रीस भर, म्हंजे चुरा आत पडत न्हाई. अर्धा फेरा पुढं, पाव मागं. घाई न्हाई करायची. आन टॅप परत आण, न्हाई तर मी तलवाड्याला येऊन बसंन, कोंबडी खाल्ल्याबिगर उठणार न्हाई."

बोल्टांचे पैसे घेतले, टॅपसाठी काही ठेवून घेतलं नाही. रात्री बीडला लेकीकडे मुक्काम केला आणि सकाळी पहिल्या गाडीनं गाव गाठलं.

तीन बोल्ट बोटानंच तळापर्यंत गेले. चौथ्या, बिघडवलेल्या भोकात टॅप घातला. अर्धा पुढं, पाव मागं. घाम डोळ्यात जात होता. मग बोल्ट लावला. एक फेरा, दोन, तीन. तिसऱ्याला किंचित कचरला. चार. पाच. गेला.

आता रेडिएटरमध्ये पाणी भरायचं होतं. आठ दिवसांनी टँकर आला होता, आणि सुमनबाईंनी आपल्या वाट्याची घागर कमरेवर आणली. पंप गळला असता तर ती घागर मातीत जाणार होती. मी हात आडवा करून त्यांना थांबवलं.

"बाई, आधी ऐका. एक आटा मी जोर करून बिघडवला होता. तुमाला सांगितलं न्हाई."

"तुमचं तोंड कालपासून सांगतंय की, आबा," त्या म्हणाल्या. "आता पाणी वतू का नको?"

"वता."

घागर रिकामी झाली. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. थेंब आला नाही. संध्याकाळी सगळे कॅन वेळेत गेवराईला पोचले. मंगळवारी टॅप परत देऊन आलो; मिस्त्रींसाठी सूनबाईनं कोंबडीचा डबा आधीच दिला होता.

जीप रोज धावते आहे. पण तिसऱ्या फेऱ्याला बोल्ट कचरला, ते माझ्या बोटात राहून गेलं. अख्खा तलवाडा ओल्या मातीसाठी आभाळाकडे बघतो, आणि मी रोज सकाळी जीपखाली हात घालून माती चाचपतो. कोरडी लागली की उठतो आणि कॅन भरायला जातो.