गस्तीवरच्या माणसाची भाकरी

सांडूबाबाच्या घरात माणसं तीन आणि भाकरी चौघांची. म्हातारा स्वतः, त्याचा मुलगा आणि सून मोनिका, एवढंच घर. पण रोज संध्याकाळी एक भाकरी जास्तीची व्हायची, ताटात जायची, शेजारी वाटीभर कोरड्यास, वरून दुसरं ताट पालथं. सकाळी ती भाकरी गाईला. मोनिका नवी नवरी होऊन आली तेव्हा तिनं दोन दिवस हे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी सासूला विचारलं, "आत्या, कोण यायचंय?"

सासू सरूबाई म्हणाली, "गस्तीवरचा माणूस."

"कधी येतो?"

"मला या घरात तीस वर्सं झाली, अजून तर नाय आला. तू आपली ठेवत जा."

सरूबाई पुढं वारली. भाकरी राहिली.

आता गस्त म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, म्हातारा मोठा लढवय्या असणार. तर तसं नाही. सांडूबाबा फौजेत होता खरा, पण त्याच्या हातात बंदूक कमी आणि उलथनं जास्त. पलटणीच्या लंगरात, म्हणजे स्वयंपाकघरात, तो रोट्या भाजायचा. एकाहत्तरची लढाई झाली तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि पश्चिम सीमेवर वाळूत चुली मांडून बसलेला होता. गावातली पोरं विचारायची, "बाबा, किती मारले?" तो म्हणायचा, "एकच. बडा खाना होता, बोकड आणला होता."

गोष्टी त्याच्यापाशी उदंड. डाळीत वाळू आली म्हणून साहेब रागावला, तेव्हा हा म्हणाला होता, "साहेब, इथं वाळूत डाळ येत नाय हेच नशीब समजा." साहेबानं दुसरी वाटी मागून घेतली. गावात लग्न निघालं की वधूपित्याच्या आधी सांडूबाबाला बोलावणं. मांडवात नजर फिरवून सांगायचा, "सव्वातीनशे पान उठंल." तेवढंच उठायचं. आणि शेवटची पंगत उठल्याशिवाय स्वतः तोंडात घास घालायचा नाही. लंगरातली सवय. सिल्लोडपासून चार कोसांवरच्या त्या गावात त्याची एकेक गोष्ट लोकांनी दहा-दहा वेळा ऐकलेली. फक्त भाकरीची गोष्ट कुणी ऐकली नव्हती. कुणी विचारलं की तो डाळीतली वाळू काढायचा.

गेल्या दिवाळीनंतर शहरातल्या एका मंडळानं ठरवलं, जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या सैनिकांना दिल्लीला न्यायचं, युद्धस्मारक दाखवायचं. तिथं शहीद झालेल्यांची नावं भिंतीवर एकेका दगडात कोरलेली आहेत. बत्तीस जणांची यादी झाली. प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस, वयं झालेली म्हणून. मंडळाचं काम पाहायचा अप्पाराव, स्वतः निवृत्त हवालदार. त्यानं सांडूबाबाला फोन लावला.

"मी कशाला?" म्हातारा म्हणाला. "लढले त्यांना न्या की."

"लढले ते उपाशी लढले का?" अप्पाराव म्हणाला. "आधारकार्डाची झेरॉक्स घेऊन या."

झालं, बरोबर मोनिका जाणार हेही ठरलं. मुलाला कंपनीतून सुटी नव्हती. मोनिकानं आयुष्यात जळगावच्या पुढं काही पाहिलं नव्हतं. तिनं बॅग आठ दिवस आधी भरली, दोनदा उपसली, पुन्हा भरली. लाल किल्ल्यापुढं कोणती साडी नेसून फोटो काढायचा याच्यावर शेजारच्या लीलाबाईशी तिची रोज चर्चा, शेवटी जांभळी ठरली.

अशात एका दुपारी अंगणात स्कूटी येऊन थांबली. पंचविशीतली मुलगी, डोक्यावर ओढणी. म्हणाली, "बाबा, मी लाइबा. सिल्लोडहून आले. नूरमोहम्मद शेखांची नात."

सांडूबाबा बाजेवर बसला होता, तो उभा राहिला. मग पुन्हा बसला.

नूरमोहम्मद त्याच्याच पलटणीतला शिपाई. दोघं एका तालुक्याचे, सुटीला एका गाडीनं येणारे. लढाईत गस्तीवर गेला तो परत आला नाही. माती तिकडंच झाली. मागं अठरा वर्षांची बायको वहिदा आणि तिच्या मांडीवर चार महिन्यांची मुलगी. सरकी-कापसाच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचं घर. सांडूबाबा फौजेतून आल्यापासून सिल्लोडच्या बाजाराला हजार वेळा गेला असेल, पण त्या गल्लीवरून नाही. लांबचा फेरा घ्यायचा. बरोबरच्यानं विचारलं तर म्हणायचा, "तिकडं कुत्री लई."

लाइबा म्हणाली, "नानीचे डोळे चाललेत, बाबा. डॉक्टर म्हणतात, दिसतंय तोवर बघून घ्या. ती म्हणती, नानांचं नाव बघायचं, बाकी काय नको. मंडळात विचारलं, तर फौजींनाच नेतात म्हणाले, आणि फौजीच्या घरचं एक माणूस. नानी म्हणाली, जा, लंगरवाल्या सांडूभाईंना विचार."

"माझं नाव घेतलं?"

"तुमचंच."

मोनिकानं चहा आणला. म्हाताऱ्यानं बशीत ओतला आणि तसाच ठेवला. "विचार करून सांगतो, बाई," म्हणाला.

मुलगी गेल्यावर मोनिकानं सरळ विचारलं, "मामा, चहा असा टाकलेला मी तुमचा कधी बघितला नाय. काय झालं?"

आणि मग ती गोष्ट चोपन्न वर्षांनी बाहेर पडली. संध्याकाळची वेळ होती. रोट्या भाजून चळत लागलेली, पुढच्या खंदकातल्या पोरांसाठी मोजून. नूरमोहम्मद गस्तीवर निघालेला. लंगरापाशी आला आणि म्हणाला, "सांडू, दोन दे, भूक लागली." सांडू म्हणाला, "ह्या खंदकाच्या हायेत, मोजलेल्या. तू आल्यावर जेव, तुझं ताट झाकून ठेवतो."

"ठेवलं," म्हातारा म्हणाला. "सकाळपर्यंत ठेवलं. उपाशी गेला माझ्या हातून. रोट्या भाजणारा मी, अन् मागितल्यावर नाय म्हणालो. आता ती बाई गाडीत दोन दिवस शेजारी बसणार. तिनं विचारलं, माझा माणूस जेवून गेला होता का, तर काय सांगू?"

मोनिका उठली. मग आत गेली, बॅग बाजेवर आणून ठेवली आणि तिच्यातल्या साड्या काढायला लागली.

"काय करतीस?"

"तुमचे कपडे भरते. लाल किल्ला काय चार दिवसांत पळून जात नाय. त्यांना न्या. पण मामा, खरं सांगा. तिथं डाळ-वाळूची गोष्ट सांगत बसू नका."

दुसऱ्या दिवशी शहरात, गुलमंडीत कापडाच्या दुकानावरच्या माडीत, मंडळाच्या टेबलापुढं, सांडूबाबा अर्ज घेऊन उभा. अप्पारावानं चष्मा वर केला. "सोबतचं माणूस, वहिदा नूरमोहम्मद शेख. नातं?"

"पलटणीतल्या भावाची बायको."

"असा रकाना नाय इथं. पत्नी, मुलगा, मुलगी, सून, भाऊ, बहीण."

"मग आखा की. पट्टी नसंल तर आणून देतो."

"बाबा, पुढं छाननी हाये. ते मला विचारतील."

"विचारलं तर सांग, लंगरात मी अडीचशे माणसांना वाढलं, एकालाबी आडनाव विचारलं नाय."

अप्पारावानं थोडा वेळ पेन हलवलं, मग बहीण या शब्दापुढं बरोबरची खूण केली आणि म्हणाला, "गाडीत भांडत राहा म्हंजी झालं. बहीण-भाऊच वाटाल."

स्टेशनवर बँड होता, हार होते, फेटे होते. वहिदाबी लाइबाच्या हाताला धरून आली. बारीक, ताठ बाई, जाड भिंगाचा चष्मा. सांडूबाबानं हात जोडले. "भाभी, बरं हाये?"

"आहे की," ती म्हणाली. "तुम्ही लई जाड झालात, सांडूभाई. त्यांनी लिहिलं होतं, काडीसारखा हाये."

गाडी सुटल्यावर म्हाताऱ्यानं काय केलं असेल? शेजारी बसणं टाळण्यासाठी जेवढी कामं असतात तेवढी शोधली. डब्यातल्या साऱ्यांना चिवडा त्यानं वाटला, मधुमेहवाले वेगळे बसवले, एका सुभेदाराचं कानातलं यंत्र सीटखालून काढून दिलं. मनमाड आलं, भुसावळ गेलं, म्हातारा उभाच. वहिदाबी खिडकीशी बसून तसबीहचे मणी फिरवत होती. मधेच म्हणाली, "बसा की. कोणी ताट घेऊन पळत नाय." तो म्हणाला, "बसतो, बसतो," आणि चहावाल्याच्या मागं गेला.

तिनं काही विचारलं नाही. तेच त्याला जड जात होतं. विचारलं असतं तर बोलता तरी आलं असतं.

दिल्लीत दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना स्मारकात नेलं. मधे ज्योत, भोवती गोल-गोल भिंती, आणि भिंतीत ओळीनं दगड, एकेका दगडावर एकेक नाव. दगड हजारांनी. बाकीचे म्हातारे पदकं लावून आलेले. सांडूबाबानं आपली दोन पदकं खिशातच ठेवली होती. लावायची की नाही हे त्याचं अजून ठरत नव्हतं.

तिथल्या एका तरुण जवानानं विचारलं, "अम्मा, किसका नाम देखना है?"

वहिदाबीनं नवऱ्याचा फौजी नंबर एका दमात म्हणून दाखवला, पाढा म्हणावा तसा. पेन्शनच्या कागदावर चोपन्न वर्षं तोच लिहिलेला. जवानानं यंत्रावर पाहिलं आणि दोघांना एका भिंतीपाशी नेलं. नाव खांद्याच्या उंचीवर होतं. तिनं चष्मा काढला, नाक दगडाला लागेल इतकी जवळ गेली, मग बोटं फिरवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुन्हा परत.

"गार हाये," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, उन्हानं तापलं असंल."

सांडूबाबाला आता पुढं ढकलायला काही उरलं नव्हतं. चिवडा नव्हता, चहावाला नव्हता. तो म्हणाला, "भाभी, एक सांगायचंय. त्या दिवशी जाताना त्यानं माझ्याकडं दोन रोट्या मागितल्या होत्या. मी नाय दिल्या. मोजलेल्या होत्या. उपाशी गेला तो. मी तुमच्या गल्लीत आलो नाय ते याच्यामुळं."

वहिदाबीनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. मग तोंडावर पदर धरला. म्हाताऱ्याला वाटलं, रडते. पण खांदे हलत होते ते हसण्यानं.

"तुम्ही नाय म्हणालात अन् त्यांनी ऐकलं? सांडूभाई, माझी सासू फडताळाला कडी लावायची त्या माणसासाठी. कडी लावूनबी तूप जायचं." तिनं पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून घडी पडून पडून मऊ झालेलं पत्र. "हे, ते गेल्याची तार आल्यावर दहा दिवसांनी आलं. सासऱ्यांनी वाचून दाखवलं. मला पाठ हाये. ऐका. लिहिलंय, इथं आपल्या तालुक्याचा सांडू हाये, लई कडक. मागितलं तर देत नाय. म्हणून मी आधी मागतो, तो नाय म्हणून चुलीकडं वळतो, तेवढ्यात मी दोन उचलतो. मधे गूळ घालून कोटाच्या खिशात. गस्तीत पहिल्या कोसातच संपतात. रोजचं हाये. त्याला अजून कळलं नाय."

सांडूबाबा भिंतीकडं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांपुढं खंदकाला जाणारी चळत आली. त्या संध्याकाळी ती त्यानं दुसऱ्यांदा मोजली होती, आणि दोन कमी भरल्या होत्या. त्या दोन रोट्यांवरून लंगरातल्या जोडीदाराशी त्याचं असं भांडण झालं होतं, की आठ दिवस दोघं एका परातीत कणीक मळत होते पण बोलत नव्हते. ती गोष्ट तो सगळ्या गावाला हसून सांगायचा, जोडीदार कसा रोटीचोर होता म्हणून. चोपन्न वर्षं सांगत होता. दोन कमी, एवढं त्याला पक्कं आठवत होतं. बाकीचं कधी जोडलंच नव्हतं.

"दोन कमी होत्या," तो म्हणाला. "भाभी, त्या दिवशीबी दोन कमी होत्या."

"मग?" वहिदाबी म्हणाली. "जेवून गेले ते. तुमच्या हातचं खाऊन गेले. मी ते पत्र ऐकलं तवाच मनात म्हणाले, कोणी तरी होतं तिथं गरम रोट्या करणारं. तेवढ्यावर मी दिवस काढले. तुम्हाला हे सांगावं म्हणून मी वाट बघत होते, अन् तुम्ही गल्लीच सोडून दिली."

म्हातारा भिंतीजवळ सरकला. मग दगडावर हात ठेवला आणि म्हणाला, "चोर लेकाचा." जवळ उभ्या असलेल्या त्या जवानाला मराठी कळत नव्हतं, त्यानं आदरानं मान तुकवली.

"पदकं कुठं हायेत तुमची?" वहिदाबी म्हणाली. "लावा. त्यांच्यापुढं असं मोकळ्या छातीनं उभं राहू नका."

त्यानं लावली. एक उलटं लागलं, ते तिनंच नाक जवळ नेऊन सरळ केलं.

दुपारी सगळ्यांचं जेवण होतं, लांबलचक टेबल, वाढणारी पोरं. सवयीनं सांडूबाबा कडेला उभा राहून कुणाच्या ताटात काय कमी आहे ते बघत होता. वहिदाबीनं शेजारची खुर्ची ओढली आणि त्यावर हात आपटला. तो बसला. पहिल्या पंगतीला बसून जेवला. अप्पारावानं लांबून फोटो काढला आणि गावाला मोनिकाला पाठवला, खाली लिहिलं, बहीण-भाऊ.

तो घरी परतला त्या संध्याकाळी मोनिकानं रिवाजाप्रमाणं चौथी भाकरी केली. झाकायला वरचं ताट उचललं आणि थांबली. "मामा, ठेवू का नको?"

"ठेव," म्हातारा म्हणाला. "पण गुळाचा खडा आण आधी."

त्यानं ती गरम भाकरी मोडली, मधे गूळ घातला, अर्धी मोनिकाच्या हातावर ठेवली आणि अर्धी आपण खाल्ली. उरलेल्या कोरड्यासावर ताट पालथं घातलं. मग म्हणाला, "गुरुवारी सिल्लोडला जायचंय. तूबी चल, भाभीनं बोलावलंय. अन् ऐक, मंडळ पुढच्या वर्षी पुन्हा नेतंय म्हणे. मी अप्पारावाला सांगून ठेवलंय, मला लाल किल्ला बघायचा राहिला. ती जांभळी साडी काढून ठेव."