टपालात पडलेला राजीनामा

आमचे पोस्टमास्तर मोठा साहेब आला तरी खुर्चीतून उठत नाहीत. बोलायला तोंड उघडण्याआधी एक लांब "हूं" असतो.

त्या दिवशी, बदली मिळेना म्हणून कंटाळून मी शाळेच्या नोकरीचा राजीनामा पोस्टात टाकला आणि तासाभरात बदली मंजूर झाल्याचा फोन आला. धावत पोचलो तर टपालाची थैली नागभीडच्या एसटीत चढलेली. पोस्टमास्तर उठले, पळाले, सुरू झालेल्या एसटीसमोर आडवे उभे राहिले आणि थैली उतरवून आणली.

"हूं. गुरुजी, पत्र तुमचंच कशावरून? कागदावर पत्ता लिव्हा, अक्षर जुळवून पायतो. इंग्रजाच्या काळापासूनचा नियम हाये."

आनंदानं माझा हात थरथरत होता. अक्षर मुळीच जुळेना. त्यांनी दोन्ही पत्ते बराच वेळ न्याहाळले, मग माझ्यापुढं पाण्याचा गिलास सरकवला.

"हूं. पाणी प्या, अन् मंग दुसऱ्यांदा लिव्हा."