कठड्यावरची हलगी

मित्रहो, आज बारामतीत मला गाडी लावायला जागा मिळाली नाही. एवढ्या मोठ्या अन्यायाची दखल कुणी घेतली नाही, म्हणून इथं आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहितोय.

फिरत फिरत दलित वस्तीमागं गेलो, तर तिथं पार्किंगसाठी जुना आड बुजवायला जेसीबी आलेला. कठड्यावर सत्तरीच्या शांताआत्या बसलेल्या.

"आत्या, उठा. पडीक आड हाय," ठेकेदार म्हणाला.

"गावाच्या आडावर आमाला पाणी भरू देत न्हवते, तवा आमच्या आज्यांनी ह्यो खणला. लिहिता येत न्हवतं, म्हणून घरटी एका दगडावर खूण कोरली. ही कोरलेली हलगी आमच्या घरची. तुमी कुणाला इचारलं?"

ठेकेदारानं खिशातून आपल्या सोसायटीच्या रहिवाशांचा पार्किंगसाठीचा अर्ज काढला. तिसरी सही माझी होती. 'पडीक जागा' एवढंच वाचून केलेली.

जेसीबी घरघरत पुढं सरकला. आत्या हलल्या नाहीत.

अर्ज घेऊन मी माझी सही खोडली.

"सायेब, एका सहीनं काय थांबतंय?" ठेकेदार म्हणाला.

बरोबर आहे. उरलेल्या सह्या तुमच्या आहेत. येताय का खोडायला?

आत्या थोड्या सरकल्या. मी शेजारी बसलोय.